पाड्यावरची पोरं ग्रामसभेत बोलती कशी होतील?

सूर्यापार

पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या पाड्यांवर १६ ते २५ वयाच्या मुलामुलींचे गट उभे करायचं काम सध्या बरेच जण करताहेत. त्या सगळ्यांपुढे असलेला एक प्रश्न इथे मांडतो.

ही मुलं आपापसात भरभरून बोलतात. पाण्याचं, जंगलाचं, आश्रमशाळेचं, गावाबाहेरच्या लोकांनी पाड्याला काय समजावं याचं. तारपा सुरू झाला की रात्र रात्र नाचतात. पण ग्रामसभा भरली की हीच मुलं ओट्याच्या कडेला, दाराशी उभी. सरपंचांनी नाव घेऊन विचारलं तरी मान खाली. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं झाली, वक्तृत्व स्पर्धा झाल्या. स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगीसुद्धा सभेत गप्पच.

आपल्याला काय जपायचंय हे त्यांना कळतं. ते चारचौघांत, मोठ्यांसमोर, साहेबांसमोर मांडता यावं आणि त्यातून आयुष्याला काही दिशा मिळावी, यासाठी वर्षभराचं काम कसं आखावं? तात्त्विक नको, हाताशी येईल असं सांगा.

वैनगंगेकाठी

चांगला धागा. माझं पहिलं म्हणणं असं की वक्तृत्व बाजूला ठेवा. मूल गप्प बसतं ते शब्द नसतात म्हणून नाही. त्या विषयातली माहिती आपल्याला पक्की नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि चुकलो तर सगळ्या गावासमोर चुकू ही भीती असते. दोन्हीवर उपाय एकच. सभेच्या आधी विषय पिंजून काढायची जागा हवी.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे फार विचारपूर्वक बसवलं. तिथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात कोणीही बसू शकतं, बाहेरचा जाणकारही. तिथे वाद घालायचा, कागद वाचायचे, शंका काढायच्या, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, तिच्यामागचा हा अभ्यासगट कमी जणांना माहीत असतो. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या मागे अशा बैठकांची कितीतरी वर्षं आहेत.

तरुणांसाठी करायचं ते असं. प्रत्येक ग्रामसभेआधी किमान तीन बैठका, रात्री जेवणं झाल्यावर, दीड तासाच्या आत. एका बैठकीत एकच विषय आणि एकच कागद. कागद कोणीतरी मोठ्याने वाचायचा आणि दर चार ओळींनी थांबून दुसऱ्याने तेच आपल्या बोलीत सांगायचं. ज्याला बोलीत सांगता आलं नाही त्याला तो भाग समजलेला नाही, मग परत वाचायचा. आणि गटात दोन तरी म्हातारी माणसं हवीतच. नुसत्या पोरांचा गट केला की गावाला ते मंडळ वाटतं, आणि मंडळ म्हटलं की पुढे वर्गणी आणि डीजे.

सहज_सुचलं

वाचनखूण साठवली. बोलीत परत सांगायची युक्ती झकास आहे.

अक्राणी

वरच्याला +१, पण एक मतभेद. नंदुरबारात धडगाव-अक्कलकुव्याकडे रात्रीच्या बैठकीला मुली येत नाहीत. घरं एका टेकडीवर एक, दुसरं पलीकडच्या टेकडीवर, मध्ये नाला. रात्रीची बैठक ठरवली की निम्मा गट आपोआप गळतो, आणि वर्षभराने सगळे म्हणतात मुलींना रस नाही. बैठक पाण्याच्या वेळेनंतर, सकाळी दहाच्या सुमाराला किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ठेवून बघा.

बसायची पद्धतही बघा. समोर टेबल-खुर्च्या, त्यावर चार पदाधिकारी आणि खाली सतरंजीवर गाव, अशी मांडणी असेल तर पंचवीस वर्षांचा गडीही बोलत नाही, सतरा वर्षांची पोरगी कुठून बोलणार? गोल बसवा. बोलायला सुरुवात वयस्क बाईपासून करा. आजी बोलली की नातीची जीभ सुटते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्याकडे आहेच. ती सहीपुरती उरकू देऊ नका, मुलींना तिथे आधी बोलू द्या. तोच मुद्दा दुसऱ्यांदा मोठ्या सभेत मांडणं सोपं जातं.

कायद्याचं_बोला

बोलायच्या आधी सभासद व्हा! ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. नाशिकला वसतिगृहात शिकणारी मुलं तिथे नाव नोंदवतात आणि गावातून कटतात. गटाने पहिल्याच महिन्यात यादी मागवून एकेक नाव तपासावं. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी नमुना ८. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (वय मोजायच्या तारखा) आहेत आणि १७ पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो.

दुसरं, विषय सभेत आयत्या वेळी उपटून चालत नाही. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याच्याही आधी, साधारण दोन आठवडे, 'पुढील विषय सभेपुढे घ्यावा' असा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. 'ऐनवेळचे विषय' येईपर्यंत माणसं उठून गेलेली असतात.

तिसरं, ठराव लिहून न्या. विषय, कारण, नेमकी मागणी, कोणत्या कार्यालयाकडे, किती दिवसांत. खाली सूचक, अनुमोदक. हा कच्चा मसुदा सभेत वाचायचा, दुरुस्त करायचा आणि लोक बसलेले असतानाच इतिवृत्ताच्या वहीत उतरवून घ्यायचा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हजेरीच्या सह्या आधी होतात, मजकूर नंतर कधीतरी लिहिला जातो. कोऱ्या पानावर सही वा अंगठा नाही, आणि मजकूर संपला की उरलेल्या जागेवर आडवी रेघ. एवढ्या दोन सवयी तरुणांनी लावल्या तरी गावाचं भलं होईल.

मोहोर

सगळं पटतंय, पण थोडं थांबा. या वयाच्या मुलाला आधी नोकरी हवी असते. पहाटे डांबरी रस्त्यावर बघा, सगळी पोलीस भरतीसाठी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग गोळाफेक. त्यांना तुम्ही ठराव आणि इतिवृत्त शिकवणार. मूल्यं बिल्यं ठीक, पण पोटाचं काय?

वैनगंगेकाठी

@मोहोर, प्रश्न रास्त आहे. पण यात एक किंवा दुसरं असं का? पहाटे पळा, दुपारी अभ्यास करा, महिन्यातून तीनदा गटात बसा. शिवाय भरतीत जागा थोड्या आणि पळणारे पुष्कळ. ज्यांची निवड होत नाही ती मुलं दोन-तीन प्रयत्नांनंतर आपण वाया गेलो असं धरून बसतात. गावात ज्या पोराला एखादं काम नेमून दिलेलं असतं, ज्याच्यावाचून ते काम अडतं, त्याच्या मनात हा विचार लवकर शिरत नाही. 'दिशा' म्हणतात ती मला तरी अशीच मिळताना दिसते. गावाची गरज आणि पोराचं कसब जिथे एकत्र येतं तिथे.

गडचिरोलीतलं उदाहरण देतो, कारण ते अगदी बारकाईने बघण्यासारखं आहे. तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानाचा) हंगाम मे महिन्यात, जेमतेम काही दिवसांचा. पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालच्या गावांना, दोन पर्याय असतात. एकात विक्री वनविभाग करतो, दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः. स्वतः करायची म्हटली की फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) हिशोब ठेवणारं माणूस लागतं. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. दर मात्र लोक शेकडा पुड्यांचा बोलतात आणि करारनाम्यात तो गोणीचा असतो. या दोहोंच्या मधे मजुराचा पैसा हरवतो.

फळीवर दहावी-बारावी झालेली एक मुलगी वही घेऊन बसते. रकाने पाच: कार्ड क्रमांक, तारीख, आणलेले पुडे, नाकारलेले पुडे, सही. नाकारलेल्यांचा रकाना वेगळा ठेवायचाच. नाहीतर आणले १२०, लिहिले १०५ आणि मधल्या १५ चं कोणी काही विचारत नाही. आणि संध्याकाळी लोक घरी जायच्या आधी तिने उभं राहून त्या दिवसाची पूर्ण यादी मोठ्याने वाचायची. नाव, पुडे, नाकारलेले. कोणी म्हणालं 'माझे चूक लिहिले' तर तिथेच मोजून दुरुस्ती, खोडलेल्या आकड्यावर दोघांची सही.

हे वाचन म्हणजेच तिचं पहिलं भाषण. सगळं गाव कान देऊन ऐकतं, कारण त्यात प्रत्येकाचा पैसा आहे. हंगामभर रोज संध्याकाळी हे केलेली मुलगी पावसाळ्यातल्या ग्रामसभेत दाराशी उभी राहत नाही.

नकाशावाला

वा! यालाच जोडून सामूहिक वनहक्काचा नकाशा, म्हणजे गावाने जंगलावर हक्क मागताना दाव्याला जोडायचा. ज्या गावांचे दावे अजून व्हायचेत तिथे तरुणांना याहून चांगलं काम नाही.

शिवारफेरीला दोन म्हातारे, तीन पोरं, एक वही, दोन फोन. म्हातारे वाटेतल्या प्रत्येक नाल्याचं, टेकाडाचं, देवाच्या झाडाचं नाव सांगतात, पोरं ते आपल्या बोलीतच लिहितात. शासकीय नकाशातलं नाव वेगळं असेल तर शेजारी तेही. फोनवर बिंदू घेताना घाई करू नका. दाट झाडोऱ्यात अचूकता दहा-पंधरा मीटरवर जाते. मोकळ्या जागी सरका, आकडा पाचाच्या आत येईपर्यंत थांबा, मग नोंदवा. फोन बंद पडतो म्हणून बिंदूचा क्रमांक आणि आकडे वहीतही लिहा. होळीनंतर पानगळ झालेली असते तेव्हा फेरी सोपी पडते. आणि शेजारच्या गावाला बोलावल्याशिवाय शिवेवर पाऊल टाकू नका! नकाशे सगळ्यात जास्त अडतात ते इथे. पलीकडचे म्हातारे सोबत चालले की वाद जागच्या जागी मिटतो, आणि त्यांची सही घेता येते.

वनहक्क नियमांत दाव्यासोबत किमान दोन पुरावे लागतात, आणि दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब हाही एक पुरावा धरला आहे. म्हणजे नातवाने आज्याचं म्हणणं नीट लिहून घेतलं की ते कायद्याने ग्राह्य. हे मुलांना सांगा आणि त्यांचे चेहरे बघा. सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना क. दावा मंजूर करणाऱ्या सभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. कोरम भरला नाही तर सगळी मेहनत वाया, म्हणून दारोदार फिरून माणसं आणायचं कामही पोरांचंच.

सहज_सुचलं

कोरमवरून: १५ ऑगस्टची सभा जिलेबी वाटायच्या आधी घ्या :) नंतर कोरम पोटात जातो.

सूर्यापार

@सहज_सुचलं :) खरं आहे!

सगळ्यांचे आभार. एक अडचण. पालघरकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, शिमग्यानंतर परतू लागतात. २६ जानेवारीला पाडा ओस. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला मोठी माणसं असतात, पण मुलं आश्रमशाळेत. मग गाठ कधी घालायची?

अक्राणी

१ मे. शाळांना सुट्टी आणि भट्ट्यांवरून लोक परतू लागलेले. वर्षाची मुख्य सभा तीच धरा आणि बैठका एप्रिलच्या मध्यापासून सुरू करा. शिवाय सभा फक्त ठरलेल्या चार तारखांनाच घ्यावी असं नाही, गावाची गरज असेल तर जादा सभा मागता येते. सातपुड्यात भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या) बाजाराला, होळीला पोरं कुठूनही घरी येतात. त्या आठवड्यात सभा नाही पण गटाची मोठी बैठक नक्की बसते.

फिनिक्सकर

विषय अमेरिकेतल्या आदिवासी तरुणांच्या कामाशी फार जुळतो, म्हणून लिहिते. इथे आरिझोना आणि शेजारच्या राज्यांत पसरलेला नवाहो लोकांचा मोठा मुलूख आहे. त्यांची स्थानिक सभागृहं ११०, त्यांना चॅप्टर म्हणतात. आपल्या ग्रामसभेसारखंच, लोक जमतात, विषय घेतात, ठराव करतात.

तिथली एक रीत मला आपल्या प्रश्नावर थेट लागू वाटते. तरुण बोलायला उभा राहिला की आधी नवाहो भाषेत ओळख सांगतो. नाव, मग आईचं कूळ, वडिलांचं कूळ, आईच्या वडिलांचं, वडिलांच्या वडिलांचं. अशी चार कुळं झाली की समोर बसलेल्यांपैकी कोणी मामा निघतो, कोणी बहीण. परक्यांसमोर बोलायचं राहत नाही, नातेवाइकांसमोर बोलायचं होतं. ज्याला भाषा फारशी येत नाही तोही या चार ओळी पाठ करतो, आणि पुष्कळांची भाषेकडे परतायची वाट तिथून सुरू होते.

दुसरं, युवा परिषदा. १९७६ मध्ये ओक्लाहोमात सुरू झालेली युनिटी नावाची संस्था गावोगावच्या अशा परिषदांना जोडते. पदाधिकारी तरुणच, सोबत एक मोठं माणूस सल्लागार म्हणून. सल्लागाराने अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं नाही हे कटाक्षाने पाळावं लागतं. मोठ्याने एकदा तोंड उघडलं की पोरं वाक्य अर्धवट सोडतात.

आणि २०१६ मध्ये उत्तर डाकोटात स्टँडिंग रॉकजवळ तेलाची पाइपलाइन नदीखालून न्यायची ठरली, तेव्हा तिथली तरुण मुलं पळत निघाली. आधी ओमाहापर्यंत, सुमारे ८०० किलोमीटर, मग वॉशिंग्टनपर्यंत, ३,००० च्या वर. टप्प्याटप्प्याने, एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने पुढे पळायचं असं. पाणी वाचवा एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पाइपलाइन पुढे झालीच, पण जगाचं लक्ष तिकडे वळण्यात त्या धावांचा मोठा वाटा आहे.

वैनगंगेकाठी

@फिनिक्सकर, कुळांचं वाचून अंगावर काटा आला. गोंडांमध्ये चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळांची व्यवस्था आहे. आडनाव सांगितलं की कोण भाऊ आणि कोण सोयरा हे लगेच कळतं. सभेत ही ओळख गोंडीतून किंवा माडियातून सांगायची रीत सहज घालता येईल.

मोहोर

ते पळणं बघा! भरतीची पोरं पळतातच. त्यांनाच गावाच्या शिवेवरून पळवा, नकाशावाल्यांचं काम होईल. गंमत नाही, मनापासून म्हणतोय. आणि माझा वरचा विरोध अर्धा मागे घेतो.

चौकातली

थोडं अवांतर, पण मूल्यांचा विषय आहे म्हणून.

वारली मुलं चित्रं काढून विकतात, चांगली गोष्ट आहे. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला जगभर गेली. पण मुळात लग्नाचा चौक (भिंतीवरचं चित्र) सवासिणी लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, आणि मधल्या चौकात पालघट देवी. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, शेणागेरूने सारवलेली भिंत, बांबूच्या काडीचं टोक चेचून केलेली लेखणी. आता हे सगळं चहाच्या कपावर येतं. अमुक चित्र विकायचं आणि अमुक नाही, हे कोणी ठरवायचं? व्यापाऱ्याने की पाड्याने?

तरुण चित्रकारांच्या गटाने हा प्रश्न पाड्यासमोर न्यावा. आधी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बायकांना विचारायचं, यादी करायची, मग ती सभेत वाचायची. निकाल काहीही लागो, हे बोलणं मुलांना जमतं, कारण त्यांच्या हातातला विषय आहे. आणि चित्राखाली स्वतःचं आणि पाड्याचं नाव लिहायची सवय लावा.

कायद्याचं_बोला

अवांतर अजिबात नाही. रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाच दिलाय. असा ठराव त्याच्या चौकटीत बसतो.

सूर्यापार

@चौकातली, हे पुढच्याच बैठकीला घ्यावं असं आहे. दोन प्रश्न उरले. एक, आमच्याकडे एका ग्रामपंचायतीत सात-आठ पाडे, सभा एकाच पाड्यावर, लांबचे येत नाहीत. दोन, आमच्याकडे तेंदूची फळी नाही. मग रोज मोठ्याने वाचायचं असं पहिलं काम कोणतं?

कायद्याचं_बोला

पहिल्याचं उत्तर: महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाडा किंवा पाड्यांचा समूह स्वतंत्र 'गाव' म्हणून जाहीर करून घेता येतो. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांचा ठराव, तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे. मतदारयादीचा गोषवारा आणि पाड्याची हद्द सोबत जोडा. मग त्या पाड्याची ग्रामसभा वेगळी आणि कोषही वेगळा. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना येतो, तो लोकसंख्येप्रमाणे गावांत वाटला जातो. आपल्या पाड्याचा वाटा किती आणि कशावर खर्च झाला हे विचारायला एका तरुणाला कायमचं नेमा.

अक्राणी

दुसऱ्याचं उत्तर साधं आहे. ग्रामसभेत पहिला विषय नेहमी एकच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो दोन मिनिटांत 'वाचलं असं समजूया' म्हणून उरकतात. ते तुमच्या पोरांनी वाचायचं. उभं राहून, पूर्ण, आधी मराठीत आणि लगेच वारलीत. स्वतःचं मत मांडायचं नाही, नुसतं वाचायचं, म्हणून पहिल्या वेळेला धीर होतो. प्रत्येक ठरावापाशी थांबून एकच वाक्य विचारायचं: 'हे काम झालं का?'

मुलगा आणि मुलगी अशी जोडी लावा. एकाने वाचायचं, दुसरीने वहीत 'झालं', 'नाही', 'अर्धवट' लिहायचं, पुढच्या सभेला अदलाबदल. बोलीत सांगायचा सराव अभ्यासगटात झालेला असला पाहिजे. 'अंदाजपत्रक', 'तांत्रिक मान्यता' असे शब्द तिथे म्हाताऱ्यांशी बोलूनच सोपे करून ठेवा, ऐनवेळी जीभ अडखळते.

सूर्यापार

हे धरलं. इतिवृत्ताची नक्कल मिळावी म्हणून अर्ज उद्याच, दोन प्रतींत, पोच घेऊन. पहिल्या बैठकीला तेवढा एकच कागद. मोखाड्याकडे कोणाकडे 'तांत्रिक मान्यता'ला वारलीत बसणारा शब्द असेल तर इथे लिहा.

चौकातली

शब्द पाड्यावरच्या आजीला विचारा आणि तिने सांगितलेला इथे आणून द्या. आम्हालाही हवाय.